मिरासदार आणि उपरी

पेशवाईतील दख्खनच्या गावगाड्यात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग होते, हे त्या काळाची थोडी ओळख असलेल्या वाचकास सांगावयास नको. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा असे. दुष्काळात किंवा कर्जापायी तो परागंदा झाला, वर्षानुवर्षे परमुलखात राहिला, तरी परतल्यावर थकलेला सारा चुकता करून आपली मिरास मागण्याची सोय त्याला होती. उलट उपरी त्याच गावठाणाच्या पांढरीत जन्मला, त्याच शिवाराच्या काळीत राबला, तरी पाटलाने दिलेल्या लागवडीच्या कौलाच्या मुदतीपलीकडे हक्क म्हणून त्याला काही सांगता येत नसे. गावगाडा मोडला, पण आपला माणूस कोणता आणि परका कोणता या प्रश्नाचा निकाल लावताना आजची राष्ट्रेही जन्मस्थान आणि वंश या दोनच कसोट्यांपाशी घुटमळतात, आणि गेल्या चार दशकांत आपला कायदा पहिलीकडून दुसरीकडे किती सरकला आहे, याची जाणीव सुशिक्षितांसही फारशी दिसत नाही.

जन्मस्थानाचे तत्त्व उदार म्हणून वाखाणले जाते. त्याचे मूळ मात्र राजाच्या हुकमतीत आहे. स्कॉटलंडचा राजा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडच्याही गादीवर बसल्यानंतर स्कॉटलंडात जन्मलेल्या एका अज्ञान बालकाच्या नावाने इंग्लंडातील जमिनीचा दावा दाखल झाला, आणि १६०८ मध्ये एडवर्ड कोक प्रभृती न्यायाधीशांनी असा निवाडा दिला की, राजाच्या अमलाखालील भूमीवर जो जन्मला तो राजाचा प्रजाजन, सबब इंग्लंडात तो परका नव्हे. हेच रयतेचे तत्त्व अमेरिकेने १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत मुक्त झालेल्या गुलामांच्या रक्षणासाठी वापरले, आणि १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे चिनी मातापित्यांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच आधारे नागरिक ठरविले. राजाने रयत वाढविण्यासाठी खणलेल्या विहिरीवर पुढे तहानलेल्यांनी पाणी प्यावे, तसे हे झाले.

आपल्या घटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने भारतात अधिवास असलेल्या माणसास तो येथे जन्मला असल्यास, त्याच्या मातापित्यांपैकी एक येथे जन्मला असल्यास, किंवा तो लगतची पाच वर्षे येथे राहिला असल्यास नागरिक मानले. फाळणीचा वणवा पेटलेला असताना हे लिहिले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मसुद्यामागील मनाचा मोठेपणा कळतो. १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाने तर, परकीय वकिलातीतील अधिकाऱ्यांची मुले आदी अपवाद वगळता, २६ जानेवारी १९५० पासून या भूमीवर जन्मलेले प्रत्येक मूल भारतीय ठरविले. पुढे परकीय स्थलांतरितांच्या प्रश्नावर आसाम करार झाला, आणि त्यानंतरच्या दुरुस्तीने १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांसाठी मातापित्यांपैकी एक भारतीय नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून तर, एक नागरिक असला तरी दुसरा बेकायदा स्थलांतरित असता कामा नये, अशी भर पडली. म्हणजे आई भारतीय, बाप परवान्याची मुदत संपल्यावरही राहिलेला परदेशी, अशा एकाच घरातील, एकाच दवाखान्यात जन्मलेल्या दोन भावंडांपैकी २००३ सालचा थोरला नागरिक आणि २००५ सालचा धाकटा परका, असा निकाल कायद्याच्या पुस्तकातून सरळ निघतो.

माझा आक्षेप या तारखांपेक्षा पुराव्याच्या बाबतीत अधिक आहे. जन्म ही एका दिवसाची, एका ठिकाणची घटना असते; ती सिद्ध करण्यास नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरातील एक नोंद पुरते. त्या दाखल्यावर बालकाचे लिंग, जन्माची तारीख व ठिकाण, आईबापांची नावे आणि पत्ता असतो. आईबाप कोणत्या देशाचे नागरिक आहेत, हे सांगणारा रकाना त्यावर नाही. २००५ साली जन्मलेल्या तरुणाने आपले नागरिकत्व सिद्ध करावयाचे तर त्याने प्रथम आईबापांचे सिद्ध करावयाचे. त्यांपैकी कोणी १९८८ सालचा असेल तर त्याच्याही आईबापांपर्यंत जावयाचे. आणि ही साखळी अखेर कोठे थांबते, तर १ जुलै १९८७ पूर्वी या भूमीवर जन्मलेल्या एखाद्या आजोबा-आजीपाशी. वंशाचा एवढा खटाटोप करून शेवटी खुंटी ठोकावयाची ती जन्मस्थानाच्याच जमिनीत!

वंशावळ सिद्ध करणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वाचकास जात पडताळणीच्या अनुभवावरून पुरते ठाऊक आहे. पणजोबाचा शाळेचा दाखला मिळावा म्हणून तालुक्याच्या गावी हेलपाटे घालावयाचे, तो मिळालाच तर त्यावरचे ‘गणपत’ आणि आजोबांच्या फेरफारावरचे ‘गणू’ एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावयाचे, आणि इतके करूनही आडनावातील एका काना-मात्रेपायी प्रकरण त्रुटीत पडावयाचे. ज्यांच्या घरी जमीन, शाळा आणि कागद या तिन्ही गोष्टी पिढ्यान्पिढ्या आहेत त्यांची ही गत. मग ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर किंवा पालात जन्मलेल्याने काय करावे? वंशाची कसोटी कागदोपत्री सर्वांस समान असली, तरी प्रत्यक्षात ती दप्तर सांभाळून ठेवणाऱ्यांच्या सोयीची असते.

दप्तर शाबूत असले म्हणजे वंशाचे तत्त्व किती दूरवर हात पोहोचविते, याचे नमुनेदार उदाहरण गोमंतक आहे. त्या भूमीत गांवकरीची, म्हणजे पोर्तुगीजांच्या भाषेत कोमुनिदादची, पुरातन संस्था असून, गांवकाराच्या पुरुषवंशजास तिच्या उत्पन्नातील जोण, म्हणजे वाटा, मिळतो; वंशाने हक्क चालतो ही कल्पना तेथे पोर्तुगीजांहूनही जुनी आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने, जो स्वतः किंवा ज्याच्या आईबापांपैकी अथवा आजा-आजींपैकी कोणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जन्मले, तो भारतीय नागरिक ठरला; न ठरावयाचे त्याने एक महिन्याच्या मुदतीत तसे लेखी कळवावयाचे होते. परंतु पोर्तुगालने या मंडळींची नावे आपल्या हिशेबातून कधी खोडली नाहीत, आणि पोर्तुगीज अमलातील जन्मनोंदी चोख असल्याने मुक्तीनंतर वीस-तीस वर्षांनी जन्मलेला नातूही आजोबांची नोंद काढून, तिच्या आधारे आपल्या बापाचा आणि मग आपला जन्म लिस्बनच्या दप्तरात चढवून घेऊ शकतो. ज्याने लिस्बन पाहिले नाही, ज्याला पोर्तुगीज भाषेचा गंध नाही, तो कागदाने युरोपीय होतो (२०२० अखेरपर्यंत त्या बळावर इंग्लंडातील गोदामात नोकरीसही लागत असे), आणि आपल्या अधिनियमाच्या नवव्या कलमान्वये त्याच क्षणी भारताचे नागरिकत्व गमावून बसतो. त्याला मी दोष देत नाही. पोटासाठी माणूस मुंबईस गेला तसा इंग्लंडातील स्विंडनला गेला. नवल याचे वाटते की, ज्या राज्यास जाऊन साठांहून अधिक वर्षे लोटली त्याच्याशी या तरुणाचा संबंध रक्ताच्या नात्याने शाबीत होतो, आणि मडगावात जन्मून तेथेच शाळा शिकलेल्या एखाद्या परकीय मजुराच्या पोराचा मडगावशी कोणताच संबंध कायद्यास दिसत नाही.

निव्वळ जन्मस्थानाच्या तत्त्वावर आक्षेप नाहीत असे मी म्हणत नाही. प्रवासात दोन दिवस थांबलेल्या बाईचे मूल त्या देशाचे का व्हावे, या प्रश्नास सरळ उत्तर नाही, आणि सरहद्दीवरच्या प्रांतांची धास्ती मुंबई-पुण्यात बसून हसण्यावारी नेणे शोभत नाही. ब्रिटनने १९८३ पासून आणि ऑस्ट्रेलियाने १९८६ पासून ते तत्त्व संकुचित केले. पण दोघांनीही एक दार उघडे ठेवले: त्या भूमीवर जन्मून पहिली दहा वर्षे तेथेच वाढलेल्या मुलास, आईबापांचे कागद कसेही असोत, नागरिकत्व मिळते. आपल्याकडे ‘बेकायदा स्थलांतरित’ याची व्याख्या परवान्यावाचून भारतात ‘प्रवेश केलेला’ किंवा मुदतीनंतर राहिलेला परकीय अशी आहे. जो येथेच जन्मला त्याने प्रवेश केला तरी कोठून, हा प्रश्न त्या व्याख्येने सोडविलेला नाही. पाचव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात विशेष परिस्थितीत कोणाही अज्ञानास नोंदवून घेण्याचा अधिकार केंद्र सरकारास आहे, परंतु तो सरकारच्या मर्जीचा आहे. मुलाचा हक्क नव्हे. संसदेने त्याच पोटकलमास जोडून, येथे जन्मलेल्या व दहा वर्षे सलग येथे राहिलेल्या मुलाची नोंद मागणीसरशी व्हावी असे लिहावे, आणि त्या वास्तव्याचा पुरावा म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टराचा उतारा पुरेसा मानावा.