दोनशे सोळा बळी आणि एक कारखाना

दक्षिण आफ्रिकेतील एका मांसपदार्थाच्या कारखान्यासाठी आम्ही आज पहिल्या पानावरची ही जागा खर्ची घालीत आहो, याचे काही वाचकांना नवल वाटेल. इकडे नळाला पाणी नाही, रस्त्याला डांबर नाही, आणि संपादकांना पोलोक्वानेची काळजी! परंतु जी गोष्ट आम्ही सांगणार आहो ती वाचून झाल्यावर हा आक्षेप कायम राहील असे आम्हांस वाटत नाही. एका देशात १,०६० माणसे एका जंतूने गाठली आणि त्यांतील २१६ दगावली. जगात आजवर नोंदलेली या रोगाची ही सर्वांत मोठी साथ होय. मेलेल्यांत नुकत्याच जन्मलेल्या अर्भकांचा भरणा मोठा होता. आणि हा सारा संहार कोणत्या युद्धाने वा दुष्काळाने केला नाही. तो केला गरिबाच्या पावात घातलेल्या सांजवेळच्या मांसाच्या चकतीने.

पोलोनी हा त्या देशातील स्वस्तातला पदार्थ. मांसाचा लगदा शिजवून त्याची जाड नळकांडी करतात. दुकानातून आणावी, चकत्या कापाव्या आणि तशाच पावात घालून खाव्या. पुन्हा चुलीवर ठेवण्याचा प्रश्न नाही. मजुराला परवडते, शाळकरी पोराच्या डब्यात जाते, बालवाडीत न्याहारीला मिळते. ज्याच्या घरी ताजे मटण महिन्यातून एकदाही शिजत नाही त्याचे मांसाहारी समाधान म्हणजे पोलोनी. अन्नातले विष प्रथम कोणाच्या पानात पडते, हे येथे निराळे सांगण्याची गरज नाही.

२०१७च्या जुलै महिन्यात जोहान्सबर्गच्या क्रिस हानी बारागवनाथ रुग्णालयातील आणि प्रिटोरियाच्या स्टीव्ह बिको रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या डॉक्टरांना काही तरी विपरीत घडत असल्याचा संशय आला. लिस्टेरिया नावाच्या जिवाणूने आजारी पडलेली अर्भके नेहमीपेक्षा फार अधिक येऊ लागली होती. साऱ्या देशात वर्षाकाठी साठ ते ऐंशी रुग्ण, एवढाच या रोगाचा आजवरचा हिशेब. डॉक्टरांनी राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेला कळविले. आमच्या मते या सबंध प्रकरणातील पहिले श्रेय या डॉक्टरांचे आहे. यंत्रे पुढे आली ती त्यांच्या मागून. खाटांवरची मुले मोजून, हे नेहमीचे नव्हे, असे म्हणणारा मनुष्य प्रथम लागतो.

हा जिवाणू मोठा कपटी आहे. इतर जंतू थंडीत गारठतात, हा शीतकपाटात बसून वाढतो. धडधाकट माणसाला तो फारसे काही करीत नाही; दोन दिवस ताप, पोट बिघडणे, इतकेच. पण म्हातारे, आधीच व्याधीने खंगलेले आणि गरोदर स्त्रिया यांची गोष्ट वेगळी. आईला किंचित कणकण येते आणि जाते. तेवढ्यात तो वारेतून गर्भापर्यंत पोहोचलेला असतो. मग गर्भपात, मृत मूल, किंवा जन्मतःच रक्तात विष भिनलेले मूल. पुढे शास्त्रज्ञांनी ९३७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत ४६५ रुग्ण गर्भारपणाशी निगडित होते, म्हणजे जवळजवळ निम्मे. आणि ज्यांचे पुढे काय झाले हे कळू शकले अशा ७२८ जणांपैकी १९३ मरण पावले होते. शंभरांत सत्तावीस! ज्या देशात क्षयाने आणि एच.आय.व्ही.ने लाखो शरीरे आधीच पोखरली आहेत, त्या देशात अशा जंतूला मोकळे रान मिळाले.

गुन्हेगार कोण हे शोधणे मात्र सोपे नव्हते. जंतू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत कधी कधी सत्तर दिवस लोटतात. सत्तर दिवसांपूर्वी आपण काय खाल्ले हे आमच्या वाचकांपैकी किती जणांना सांगता येईल? आणि रुग्णच दगावला असेल तर विचारायचे कोणाला? तरीही अधिकाऱ्यांनी १०९ रुग्णांना गाठले. त्यांपैकी ९३ जणांनी शिजवून तयार विकले जाणारे मांसपदार्थ, विशेषतः पोलोनी, खाल्ल्याचे सांगितले. संशय बळावला. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पोलोनी करणारे कारखाने अनेक, विकणारी दुकाने हजारो, आणि खाणारा तर अर्धा देश. ५ डिसेंबर २०१७ रोजी आरोग्यमंत्री आरोन मोत्सोआलेदी यांनी साथीची जाहीर घोषणा केली तेव्हा रुग्णांचा आकडा साडेपाचशेंच्या वर गेला होता आणि उगम अज्ञातच होता.

उगमापर्यंत नेणारी वाट दाखविली ती सोवेटोच्या एका बालवाडीतील मुलांनी. १२ जानेवारी २०१८, शुक्रवार. पाच वर्षांखालील नऊ मुले ताप आणि हगवण घेऊन बारागवनाथ रुग्णालयात आली. तेथील बालरोगतज्ज्ञाला अन्नातून विषबाधा झाल्याचा, आणि त्यातही लिस्टेरियाचा, संशय आला. त्याने औषध देऊन मुलांना घरी धाडले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता. त्याने आरोग्य निरीक्षकांना कळविले आणि निरीक्षक त्याच दिवशी बालवाडीत गेले. त्याच दिवशी, हे शब्द आम्ही मुद्दाम पुन्हा लिहितो. तेथे त्यांनी दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या पोलोनीचे नमुने घेतले. एका मुलाच्या शौचात लिस्टेरिया मिळाला, दोन्ही पोलोनींतही मिळाला. आणि २७ जानेवारीला प्रयोगशाळेने सांगितले की, तिन्ही जंतू एकाच कुळीचे आहेत. ती कुळी, शास्त्रज्ञांच्या भाषेत एसटी-६. देशभरच्या रुग्णांच्या रक्तात दहांतील नऊ वेळा आढळलेली तीच ही.

हे कुळी ओळखणे म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सारा खटला त्यावर उभा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली एक लिस्टेरिया दुसऱ्यासारखाच दिसतो. पण त्याच्या पोटात सुमारे तीस लक्ष अक्षरांची एक पोथी असते. जंतू दुभंगतो तेव्हा तो ती पोथी नकलून पुढच्या पिढीला देतो. नकलनवीस कितीही सावध असला तरी क्वचित एखादे अक्षर चुकतेच, आणि ती चूक पुढच्या सर्व नकलांत उतरते. जुन्या हस्तलिखितांवरून पाठभेद लावून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे आमचे पंडित ठरवीत आले, तोच हा न्याय. दोन जंतूंच्या पोथ्या अक्षरशः वाचून ताडून पाहिल्या म्हणजे त्यांचा पूर्वज किती जवळचा हे कळते. लिस्टेरियाच्या सुमारे सतराशे जनुकांची अशी तुलना करतात. दक्षिण आफ्रिकेत रुग्णांच्या रक्तातले, पोलोनीतले आणि कारखान्यातले एसटी-६ जंतू ताडले तेव्हा त्यांच्यात चारांहून अधिक जनुकांचा फरक आढळला नाही. एकाच घरची ही पिलावळ होती.

ते घर म्हणजे पोलोक्वाने येथील एंटरप्राइज फूड्सचा कारखाना, टायगर ब्रँड्स या बलाढ्य कंपनीच्या मालकीचा. २ फेब्रुवारीला सरकारी पथक जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांसह तेथे गेले, तीनशेंहून अधिक ठिकाणचे पुसून नमुने घेतले; त्यांतील तीस टक्क्यांहून अधिक नमुन्यांत लिस्टेरिया निघाला आणि सोळांत नेमका एसटी-६. मांस शिजताना जंतू मरतो हे खरे. पण शिजल्यानंतर ते ज्या फरशीवरून, पट्ट्यावरून, सुरीखालून जाते तेथे तो चिकट पापुद्रा धरून महिनेच्या महिने, वर्षेच्या वर्षे ठाण मांडतो.

बालवाडीत सापडलेली दुसरी पोलोनी ज्या कंपनीची होती तिच्या कारखान्याचीही झडती झाली. तेथे लिस्टेरिया मिळाला, पण एसटी-६ मिळाला नाही. म्हणून या साथीचा आरोप तिच्यावर ठेवण्यात आला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रसंग टळला तो याच विद्येमुळे. आमच्या कारखानदारांनी हे ध्यानात घ्यावे. प्रामाणिक धंदेवाल्याला या तपासणीचे भय नाही. उलट तिच्याइतका त्याचा दुसरा साक्षीदार नाही.

४ मार्च २०१८ रोजी मंत्र्यांनी नाव जाहीर केले आणि माल बाजारातून परत घेण्यात आला. त्यानंतर रुग्णांची संख्या झपाट्याने घसरली आणि ३ सप्टेंबरला साथ संपल्याची घोषणा झाली. नळ बंद केल्यावर पाणी थांबावे तशी साथ थांबली, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आता आमचे मत. २७ जानेवारीला बालवाडीतील पोलोनीत खुनी जंतू सापडला; ४ मार्चपर्यंत तीच पोलोनी दुकानात विकली जात होती. मध्ये छत्तीस दिवस गेले. पुरावा पक्का झाल्यावाचून कोणाचा धंदा बुडवू नये, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे, आणि बालवाडीतल्या उघड्या पाकिटात जंतू बाहेरून शिरला असण्याचा संभव होता हेही खरे. परंतु गरोदर स्त्रियांनी तूर्त पोलोनी खाऊ नये, एवढे चार शब्द आकाशवाणीवरून सांगण्यास कोणत्या पुराव्याची वाट पाहावी लागत होती? कंपनीचे नाव न घेताही ते सांगता आले असते. ज्या सरकारच्या शास्त्रज्ञांनी दोन आठवड्यांत जंतूचे कुलवृत्त वाचले, त्या सरकारची जीभ पाच आठवडे उचलली गेली नाही.

कंपनीविषयी काय बोलावे? नाव जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या प्रमुखांनी, आपल्या मालाचा मृत्यूंशी थेट संबंध असल्याचे आपल्याला ठाऊक नाही, असा पवित्रा घेतला. पुढे एसटी-६ त्यांच्या स्वतःच्या तपासणीतही निघाला. २०१८च्या डिसेंबरात न्यायालयाने पीडितांच्या सामूहिक दाव्यास अनुमती दिली. आणि तडजोडीचा देकार काही दावेदारांपुढे ठेवला गेला तो २०२५ साली. जंतूची पोथी दोन आठवड्यांत वाचून होते, कायद्याची सात वर्षांतही होत नाही! त्या साथीत जन्माला येऊन जगलेली, पण मेंदूला इजा झालेली मुले एव्हाना शाळेत जाण्याच्या वयाची झाली.

हे आफ्रिकेतच घडते असे कोणी समजू नये. २००८ साली कॅनडात टोरोंटोच्या एका मांसकारखान्यात चकत्या कापणाऱ्या यंत्राच्या आत, जेथे साफसफाईचा हात पोहोचत नव्हता तेथे, हाच जिवाणू दडला होता; वीसाहून अधिक माणसे मेली. तेथल्या कंपनीच्या प्रमुखाने मात्र जाहीर क्षमा मागितली, हे नमूद केले पाहिजे. अमेरिकेने तर १९९३च्या हॅम्बर्गर-विषबाधेत चार मुले गमावल्यावर १९९६ पासून जंतूंचे ठसे जुळविण्याचे देशव्यापी जाळे उभारले, २०१३ पासून लिस्टेरियाची सबंध पोथी वाचण्यास आरंभ केला. आणि तरीही २०२४ साली व्हर्जिनियातील एका कारखान्याच्या मांसाने दहा माणसे मेली. जंतूंच्या पोथ्या जुळल्या, कारखाना बंद करावा लागला. परंतु त्या कारखान्यातील बुरशी आणि मांसाचे चिकटलेले अवशेष सरकारी निरीक्षकांनी त्याआधीच कागदावर टिपून ठेवले होते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. पोथी वाचणारे यंत्र फरशी धूत नाही.

आणि आता आपले घर. आपल्याकडे मांस रटरटा शिजवून खाण्याची चाल आहे, तिने आजवर आपल्याला पुष्कळ वाचविले. पण शहरातील बड्या दुकानांच्या शीतकपाटांत सलामी-सॉसेजची पाकिटे आता नवलाची राहिलेली नाहीत, आणि हा जंतू कच्च्या दुधातून, मऊ चीजमधूनही येतो. आपल्याकडे असे रुग्ण नाहीत, असे अधिकारी म्हणतील. बारागवनाथच्या डॉक्टरांनी मोजले नसते तर तेथेही ते नव्हतेच! तापाने गेलेल्या अर्भकाच्या रक्तात कोणता जंतू होता हे आपल्या किती प्रसूतिगृहांत तपासले जाते?

कायदा नाही असे नव्हे. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या ३५व्या कलमाने, विषबाधेचे रुग्ण कळविण्याचे बंधन अधिसूचना काढून डॉक्टरांवर घालता येते. यंत्र नाही असेही नव्हे. करोनाच्या काळात, २०२१च्या ऑगस्टमध्ये, मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात महापालिकेने जनुकीय क्रमनिर्धारणाची प्रयोगशाळा उघडली. विषाणूची पोथी वाचणाऱ्यांना जिवाणूची वाचणे अशक्य नाही. ईशान्येच्या राज्यांत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अन्नजन्य रोगांवर नजर ठेवणारे जाळे विणावयास घेतले आहे. ते पश्चिम किनाऱ्यावर आणण्यास अडचण कोणती?

अन्न व औषध प्रशासन सणासुदीला खवा-पनीर पकडते, त्याची छायाचित्रे आम्हीच छापतो. पकडलेल्या नमुन्यांतील जंतू जपून ठेवले जातात काय? रुग्णालयांतील जंतूंशी ते कधी ताडले गेले आहेत काय? आणि ३५व्या कलमाखालील अधिसूचना या शहरापुरती निघाली आहे काय? निघाली असल्यास तीखाली मागल्या वर्षी किती डॉक्टरांनी किती रुग्ण कळविले, तो आकडा आरोग्यमंत्र्यांनी आणि महापालिका आयुक्तांनी प्रसिद्ध करावा. तो आल्यास आम्ही याच जागी छापू.