भांडवलाला दहा वर्षे, बाळाच्या आईला तारीख

जन्माला येणाऱ्या बालकाला आईबाप निवडता येत नाहीत. मग त्यांच्या पासपोर्टवरील शिक्के तरी ते कसे निवडणार? तरीही त्या शिक्क्यांचा हिशेब भारताचा कायदा तान्ह्या बाळाकडूनच चुकता करून घेतो.

१९५५च्या नागरिकत्व कायद्याने या भूमीवर जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येकाला नागरिक मानले होते. १९८६च्या दुरुस्तीने आईबापांपैकी एकजण भारतीय असण्याची अट घातली. २००३च्या दुरुस्तीने त्याही पुढे मजल मारली. ३ डिसेंबर २००४पासून एक पालक भारतीय असला, तरी दुसरा बालकाच्या जन्मसमयी ‘बेकायदा स्थलांतरित’ असता कामा नये. या संज्ञेत चोरवाटेने सीमा ओलांडणारा येतो, तसाच रीतसर व्हिसावर येऊन मुदतीनंतर राहिलेलाही येतो. म्हणजे भारतीयाची विदेशी पत्नी पर्यटक व्हिसावर आली, दिवस भरत आल्याने डॉक्टरांनी प्रवास मना केला आणि मुदतवाढीचा अर्ज फायलीत अडकला, तर मुदत संपल्यावर जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्वच धोक्यात येते! शिवाय मुदतीपेक्षा अधिक राहणे हा, १ सप्टेंबर २०२५पासून अमलात आलेल्या विदेशी नागरिकविषयक कायद्यानुसार, तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे.

विवाहितांसाठी वेगळा व्हिसा आहे, असे सांगितले जाईल. आहे, पण पर्यटक म्हणून आलेल्याला तो मिळवण्यासाठी कागदपत्रे, शुल्क आणि कार्यालयाच्या खेपा यांचा भार पेलावा लागतो. सधन कुटुंब वकील नेमते. कामगाराने पाळणा सोडून रांगेत उभे राहावे. पर्यटक व्हिसा सामान्यतः वाढवून मिळत नाही. अपवाद झाला तर ती अधिकाऱ्याची कृपा. न झाला तर बाळाचे नशीब.

याच शासनाचा हात दुसरीकडे किती सैल आहे, ते पाहावे. ऑगस्ट २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने विदेशी गुंतवणूकदारांसाठी निवासाची योजना मंजूर केली. दीड वर्षात दहा कोटी किंवा तीन वर्षांत पंचवीस कोटी रुपये गुंतवावेत, दरवर्षी वीस भारतीयांना रोजगार द्यावा आणि दहा वर्षे येथे राहावे. त्यापुढे आणखी दहा वर्षांची वाढ! पैशाला दशक आणि मातृत्वाला तारीख, हा या व्यवस्थेचा खरा भाव आहे.

राष्ट्राच्या सुरक्षिततेचे कारण पुढे केले जाते. परंतु प्रसूतीसाठी थांबलेल्या स्त्रीचे नाव, पत्ता आणि पासपोर्ट शासनदरबारी नोंदलेलाच असतो. तिला मुदत नाकारली, तर ही नोंदलेली स्त्री कायद्याबाहेर ढकलली जाते. सुरक्षितता त्याने वाढते कशी?

बालकाची आईबापांपासून त्यांच्या इच्छेविरुद्ध ताटातूट होऊ नये, असे सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२मध्ये स्वीकारला. त्या स्वीकृतीला अर्थ द्यायचा, तर तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. नवजात बालकाच्या विदेशी आईला वा बापाला किमान एक वर्षाची मुदतवाढ हक्काने मिळावी. अर्ज प्रलंबित असताना वास्तव्य वैध मानले जावे. आणि पालकाच्या मुदतभंगाची शिक्षा बालकाच्या नागरिकत्वाला देणारे कलम रद्द व्हावे. पाळण्यातल्या जिवाला गुन्ह्याचा वारस ठरवणारा कायदा लोकशाहीला शोभत नाही.