‘ब्रफ सुपिरियर’ परतली, पण ब्रिटनमध्ये नाही. मग ती अस्सल म्हणायची का?
‘मोटारसायकलींमधली रोल्स-रॉईस’ अशी ख्याती असलेली ब्रिटनची ‘ब्रफ सुपिरियर’ आता फ्रान्समधल्या टूलूझमध्ये तयार होते. म्हणून ती नकली ठरते का? नाही.

जॉर्ज ब्रफ यांनी नॉटिंगहॅममध्ये १९१९ ते १९४० या काळात सुमारे ३ हजार गाड्या बनवल्या. त्यांची गाजलेली इंजिनं जॅप आणि मॅचलेस या कंपन्यांची होती. ब्रफ यांचं कसब होतं सुट्या भागांची निवड, जुळणी आणि चाचणी यांत. ‘एसएस १००’ ताशी १०० मैल वेग गाठेल, याची ते हमी देत.

२०१३ मध्ये नवी ‘एसएस १००’ समोर आली. तिला कारखान्याच्या पत्त्यावरून नव्हे, त्या हमीवरून जोखायला हवं. टाकीवरचं नाव विकत घेता येतं. विश्वास मात्र प्रत्येक गाडीगणिक कमवावा लागतो.