फी सरकारने भरली, तर खासगी शाळा सुधारेल का?
आरटीईच्या २५ टक्के जागा, आंध्रातील गावांचा प्रयोग आणि परदेशातील 'व्हाउचर'चा अनुभव काय सांगतो

उन्हाळ्याच्या तोंडावर गावोगावी दोन गोष्टी हमखास दिसतात. आरटीईच्या लॉटरीत नंबर लागला का, म्हणून पालक रोज मोबाईल तपासतात. दुसरीकडे पट टिकवण्यासाठी शिक्षक घरोघर फिरतात. मुलाला गणवेश देऊ, दप्तर देऊ, गाडीची सोय करू, असे सांगतात. वरवर पाहता हे दोन वेगळे विषय वाटतात. पण मागे सूत्र एकच आहे. मूल जिकडे, सरकारचा पैसा तिकडे.

जगात याच सूत्राला 'शाळा व्हाउचर' म्हणतात. सरकारने पैसा थेट शाळेला न देता पालकाला फीचे कूपन द्यायचे. पालकाने मनाजोगती शाळा निवडायची. शाळेने ते कूपन सरकारकडून वटवून घ्यायचे. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल या धाकाने दुकानदार माल चांगला ठेवतो, तशी शाळाही सुधारेल, असा समर्थकांचा हिशोब आहे. ऐकायला हे पटते. प्रत्यक्षात काय झाले, ते मात्र बघायला हवे.

आपल्याकडे अर्धे व्हाउचर आधीच आहे

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव ठेवल्या. आठवीपर्यंत फी सरकार भरते. सरकारचा स्वतःचा एका मुलामागचा खर्च आणि शाळेची फी, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती शाळेला मिळते. राज्याने ही रक्कम वर्षाला जास्तीत जास्त १७ हजार ६७० रुपये ठरवली. कोरोनाच्या काळात ती ८ हजारांवर आणली होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिथल्या खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट दिली. पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्दच केला. सर्वोच्च न्यायालयातही हा निकाल टिकला. त्यामुळे खासगी शाळेची वाट मुलांसाठी खुली राहिली. पण त्या शाळेत शिक्षण कसे मिळते, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. तो पालकांपुढे आहे.

आंध्रातील १८० गावे

याचे सगळ्यात जवळचे उत्तर शेजारच्या राज्यात आहे. २००८ पासून चार वर्षे तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातील पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत एक प्रयोग झाला. आधी गावे चिठ्ठी टाकून निवडली. मग त्या गावांतील सरकारी शाळेत जाणाऱ्या, पण खासगी शाळेची इच्छा असलेल्या मुलांची चिठ्ठी काढली. नंबर लागला त्यांची खासगी शाळेची फी भरली गेली. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला.

चार वर्षांनी परीक्षा घेतली, तेव्हा तेलुगू आणि गणितात खासगी शाळेत गेलेली आणि सरकारी शाळेत राहिलेली मुले सारखीच निघाली. हिंदीत मात्र खासगीतली मुले स्पष्ट पुढे होती. खासगी शाळांनी तेलुगू आणि गणिताचे तास कमी करून तो वेळ हिंदी, इंग्रजी आणि इतर विषयांना दिला होता. तिथले शिक्षक कमी शिकलेले आणि तुटपुंज्या पगारावरचे होते, पण गैरहजर कमी राहत. मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता.

म्हणजे खासगी शाळा स्वस्तात तेवढेच शिकवत होती. फार चांगले शिकवत होती, असे नाही. गरीब मुले आल्याने फी भरणाऱ्यांची मुले मागे पडतील, ही भीतीही खोटी ठरली. पण सरकारी शाळेत मागे राहिलेल्या मुलांच्या शिक्षणातही फरक पडला नाही. स्पर्धेने सगळे सुधारते, हा दावा इथे दिसला नाही.

कमी दर, रिकामे बाक

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०१२ मध्ये व्हाउचर राज्यभर लागू झाले. पहिल्याच वर्षी खासगी शाळेत गेलेल्या मुलांचे गणित चक्क घसरले. अभ्यासकांनी शोधले, तेव्हा कळले की ज्यांचा पट आधीच गळत होता, अशा शाळा योजनेत जास्त आल्या होत्या.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. सरकारी दर कमी आणि पैसा उशिरा आला, तर चांगली शाळा पळवाट शोधते. रिकामे बाक भरायचे असलेली शाळा मात्र पुढे येते. आरटीईची प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकते, ही संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे. शहरातली मोठी शाळा ते सोसते. तालुक्याच्या ठिकाणची कमी फीची शाळा शिक्षकांचा पगार थकवते. मग शिक्षक अर्ध्या वर्षात सोडून जातो आणि नुकसान वर्गातल्या सगळ्याच मुलांचे होते.

दुसरा धोका कागदावरच्या पोरांचा. पटावर पैसा आणि पदे ठरू लागली, की पट फुगतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा लाखो नावे फक्त हजेरीपत्रकात सापडली. व्हाउचर आले आणि तपासणी नसली, तर तेच पुन्हा घडेल.

निवडायला शाळा तरी हवी

चिली देशाने १९८१ पासून अख्खी शाळाव्यवस्था या पद्धतीवर नेली. पुढे शाळांना वरची फी घ्यायला आणि मुले निवडून घ्यायला मोकळीक होती. पैसेवाल्यांची मुले एकीकडे, गरिबांची दुसरीकडे, अशी फाळणी झाली. शेवटी तिथल्या सरकारने २००८ मध्ये गरीब मुलांसाठी जादा पैसा दिला, पण शाळेने सुधारणेचा आराखडा द्यायची अट घातली. २०१५ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांचा नफा, वरची फी आणि निवड-परीक्षा बंद करायला सुरुवात केली.

आपल्या खेड्यात तर अडचण त्याच्याही आधी सुरू होते. दहा-बारा किलोमीटरच्या टापूत इंग्रजी शाळा एकच असेल, तर स्पर्धा कुणाशी? फी माफ झाली तरी बसभाडे घरातून जाते. वाडी-वस्तीवरच्या पोराला गाडी येतच नाही. त्याच्या हातात कूपन देऊन उपयोग काय?

सगळ्या अनुभवाचा अर्थ एवढाच निघतो, की पैसा मुलामागे गेल्याने गरिबाला दार उघडते, पण आतला वर्ग आपोआप सुधारत नाही. त्यासाठी पैसा वेळेवर यावा लागतो, वरची वसुली बंद व्हावी लागते आणि मूल काय शिकले हे कुणीतरी तपासावे लागते. आज आरटीईत प्रवेशाची तपासणी कसून होते. शिकण्याची होत नाही.

तोवर पालकांनी शाळेची इमारत आणि पिवळी बस बघून ठरवू नये. शिक्षक किती वर्षे टिकतात, हे विचारावे. तिसरीतल्या मुलाला मराठीचा एक उतारा वाचायला द्यावा, हातच्याची वजाबाकी करायला सांगावी. झेडपीची शाळा असो वा खासगी, ही परीक्षा दोघींना सारखीच आहे आणि ती घ्यायला कुठल्या साहेबाची परवानगी लागत नाही.