पाच हजार किलोमीटरच्या आतला प्रवासी

गेल्या महिन्यात कण्णूरहून एका जुन्या सहकाऱ्याचा दूरध्वनी आला. सेवेच्या सुरुवातीला मी काही महिने उत्तर मलबारात प्रशिक्षणार्थी होतो, तेव्हा ते तिथल्या कार्यालयात नुकतेच लिपिक म्हणून लागले होते. आता तेही निवृत्त आहेत. त्यांचा मुलगा शारजात एका गोदामात काम करतो आणि बहिणीच्या लग्नासाठी त्याला दहा दिवसांची रजा मिळाली आहे. त्याच्यासमोर दोन पर्याय होते. एक, भारतीय स्वस्त विमान कंपनीचे थेट कण्णूरचे तिकीट. दुसरा, परदेशी स्वस्त कंपनीचे कोळिकोडचे तिकीट. ते थोडे कमी किमतीचे, पण उतरल्यावर शंभर किलोमीटरहून अधिक रस्ता. ‘‘साहेब, तुम्ही दिल्लीत इतकी वर्षे काढलीत. कोणते घ्यावे?’’ असा त्यांचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर मला एका वाक्यात देता आले नाही.

पहिला भाग सरळ हिशेबाचा आहे. पडद्यावर प्रथम दिसणारी रक्कम ही तिकिटाची खरी किंमत नसते. स्वस्त कंपनीचे गणितच वेगळे असते. एकाच प्रकारची विमाने, दाटीने बसवलेली आसने, विमानतळावर कमीत कमी थांबा, आणि सामान, जेवण, आसननिवड यांचे स्वतंत्र पैसे. चार-पाच तासांपर्यंतच्या प्रवासात ही पद्धत प्रवाशाच्या सोयीची ठरते, कारण तेवढा वेळ माणूस अडचण सोसू शकतो. मात्र आखातातून लग्नाला येणारा भाऊ पाठीवरच्या एका पिशवीनिशी येत नाही. त्याने दोन्ही दिशांच्या सामानाचे शुल्क धरूनच तुलना केली पाहिजे. तशी ती केली की दोन तिकिटांमधला फरक बहुधा निम्मा उरतो, कधी उलटाही होतो.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा, आणि तो कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. विमान रद्द झाले तर पुढचे आसन केव्हा मिळेल? स्वस्त कंपन्या सहसा आपल्या प्रवाशाला दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवून देत नाहीत. त्यामुळे त्या मार्गावर कंपनीची रोज दोन उड्डाणे आहेत की आठवड्यातून तीन, हे भाड्याइतकेच निर्णायक ठरते. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या अनेक कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाची रजा घेतली आणि केरळ-आखात मार्गांवरील उड्डाणे धडाधड रद्द झाली. अशा वेळी पर्यटकाची एक सुटी वाया जाते, पण कामगाराच्या बाबतीत कामावर रुजू होण्याची तारीख, आणि कधी नोकरीही, पणाला लागलेली असते.

कायदा अशा प्रवाशाच्या बाजूने अजिबात नाही, असे नाही. विमान रद्द झाल्यास परतावा किंवा पर्यायी उड्डाण, तसेच विलंबाच्या काळात खाणेपिणे आणि ठरावीक परिस्थितीत निवास, अशी तरतूद नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत आहे. ज्या माँट्रियल कराराचा भारत २००९ मध्ये पक्षकार झाला, त्यात विलंबाने झालेल्या नुकसानीची जबाबदारीही मान्य केलेली आहे. परंतु ‘कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची असाधारण परिस्थिती’ ही पळवाट रुंद आहे. शिवाय दावा लढवण्याचा खर्च तिकिटापेक्षा जास्त असेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

एवढे सांगून झाल्यावर सहकाऱ्यांनी खरा प्रश्न विचारला. ‘‘ती परदेशी कंपनी कण्णूरलाच का उतरत नाही?’’

त्याचे उत्तर बाजारपेठेत नसून राज्यव्यवहारात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी याच किनाऱ्यावर जहाजांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. तोवर सर्वांना मोकळ्या असलेल्या समुद्रात कोणी कुठे जावे, हे तेव्हापासून कागद ठरवू लागला. आकाशाच्या बाबतीत हा प्रश्न १९४४ च्या शिकागो कराराने निकालात काढला. प्रत्येक राष्ट्र आपल्या भूमीवरील आकाशाचे पूर्ण सार्वभौम आहे आणि नियमित विमानसेवेला त्याची परवानगी लागते. म्हणूनच दोन देश आपसांत करार करून आठवड्याला किती आसने, कोणत्या शहरांतून, हे ठरवतात. संयुक्त अरब अमिरातीच्या बाबतीत दुबई, अबुधाबी, शारजा यांच्याशी आपले कोटेही वेगवेगळे आहेत. दुबईचा कोटा प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनांचा आहे आणि गेली दहा वर्षे तो जवळपास तेवढाच राहिला आहे.

२०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने खुल्या आकाशाची तयारी दाखवली, पण ती सार्क देशांसाठी आणि दिल्लीपासून पाच हजार किलोमीटरच्या पलीकडे असलेल्या देशांसाठी. नकाशावर हे वर्तुळ काढून पाहावे. आखाती देश, बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूर हे सारे त्याच्या आत येतात. ज्या अंतरावर स्वस्त विमानसेवा सर्वांत उपयोगी पडते, नेमके तेच अंतर आपण कोट्याच्या कुंपणात ठेवले आहे.

कण्णूर हे त्याचे ठळक उदाहरण. तिथला विमानतळ ९ डिसेंबर २०१८ रोजी सुरू झाला. परदेशी कंपन्यांना तिथे उतरू देण्याची मागणी तेव्हापासूनची आहे, पण केंद्राने ती मान्य केलेली नाही. परिणामी तिथली आखाती सेवा मोजक्या भारतीय कंपन्यांच्या हाती राहिली. त्यांपैकी गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा तिची उणीव भरून काढण्यासाठी बाहेरून कोणी येऊ शकत नव्हते.

सरकारची बाजू निराधार नाही. आखाती कंपन्या भारतीय प्रवाशांना आपल्या तळावर उतरवून तिथून युरोप-अमेरिकेला नेतात. ही वाट अधिक मोकळी केली, तर भारतातून थेट लांब पल्ल्याची सेवा उभी राहणार नाही, ही भीती खरी आहे. दिल्ली-मुंबईला जागतिक केंद्र बनवण्याचे ध्येयही रास्त आहे. आक्षेप एवढाच की, या ध्येयाची किंमत लंडनला जाणारा प्रवासी मोजत नाही. ती ओणम, ईद किंवा शाळेच्या सुट्यांत आखातातून घरी येणारा गवंडी, चालक आणि परिचारिका मोजतात. त्यांचा प्रवास तळावर संपतो, त्यापुढे जात नाही.

यावर मार्ग आहेत. मोठ्या महानगरांचा कोटा तसाच ठेवून कण्णूरसारख्या शहरांसाठी मर्यादित आसने स्वतंत्रपणे खुली करता येतील, आणि तेवढ्याच आसनांचा हक्क भारतीय कंपन्यांनाही मिळवता येईल. महासंचालनालय देशांतर्गत कंपन्यांचा वक्तशीरपणा आणि रद्द उड्डाणे यांची आकडेवारी दरमहा प्रसिद्ध करते. आखाती आणि आग्नेय आशियाई मार्गांचीही तशी माहिती कंपनीनिहाय द्यावी. कोणत्या कराराखालील किती आसने वापरली गेली, हेही नियमितपणे प्रसिद्ध व्हावे. सरकारी दप्तरात माझी उभी हयात गेली. अशी माहिती गोळा करावी लागत नाही, ती तिथे असतेच. प्रश्न ती लोकांपुढे ठेवण्याचा असतो.

सहकाऱ्यांना मी शेवटी इतकेच सुचवले. मुलाने येताना हवे ते विमान घ्यावे. परतीचे तिकीट मात्र ज्या कंपनीची त्या मार्गावर रोज उड्डाणे आहेत तिचेच काढावे, आणि तेही रुजू होण्याच्या तारखेच्या दोन दिवस आधीचे. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे दहा दिवसांच्या रजेतले दोन दिवस तिकिटातच गेले.’’ स्वस्त तिकिटाच्या किमतीत हे दोन दिवस कोणी धरत नाही. धोरण आखणाऱ्यांनी ते धरायला हवेत.