वीस रुपयांचा हक्क मरू देऊ नका

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस बडोद्यात विश्वामित्री नदी काळा घोडा पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी २६ फूट. आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या घरांतून गॅसच्या टाक्या तरंगत बाहेर आल्या आणि दोन रात्री आम्ही गच्चीवर काढल्या. पाणी उतरल्यावर चिखल खरवडताना जो तो एकच बोलत होता, की मागची कांस साफ केली नव्हती म्हणून हे झालं. बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पावसाचं पाणी नदीकडे नेणाऱ्या नाल्याला इथे कांस म्हणतात. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस ही नावं इथल्या पोराटोरांनाही पाठ आहेत. कुणी बिल्डरला शिव्या घातल्या, कुणी नगरसेवकाला, कुणी आजवा धरणाच्या दरवाजांना. आठ-दहा दिवसांत गणपती आले आणि राग आरत्यांत विरून गेला.

त्या गणपतीत मी एक अर्ज केला. माहिती अधिकाराचा, आयुष्यातला पहिला. आमच्या मागच्या कांसेचा मंजूर नकाशा, गेल्या तीन वर्षांतल्या साफसफाईच्या वर्क ऑर्डर आणि मोजमाप वहीची त्या कामाची पानं, एवढंच मागितलं. शहरातल्या एका सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर कारकुनाने अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, ‘‘बेन, आनुं शुं काम छे तमारे?’’ मी गोंधळले. काय काम आहे ते सांगायची गरजच नाही, कायद्याच्या कलम ६(२)मध्ये हे स्पष्ट लिहिलंय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझ्यामागे रांगेत उभे असलेले एक वयस्कर काका पुढे झाले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘कारण पूछवानुं नथी, भाई. सिक्को मारो.’’ शिक्का पडला.

तीस दिवस गेले, उत्तर नाही. पस्तिसाव्या दिवशी मी पहिलं अपील केलं. मग पत्र आलं, येऊन फाइल पाहून जा. एका लाकडी टेबलावर धुळीचा वास येणारी फाइल समोर ठेवली गेली. मोजमाप वहीत लांबी, रुंदी, खोली, घनमीटर, खाली निळ्या शाईतली सही. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण नकाशा कळला. आमच्या सोसायटीमागे कांसेची रुंदी ९ मीटर दाखवली होती. घरी येऊन शेजारच्या पटेलकाकांबरोबर फीत धरून मोजली, तर साडेपाच भरली. उरलेले साडेतीन मीटर कुठे गेले, ते शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्याच सोसायटीने बारा वर्षांपूर्वी पार्किंगसाठी पुढे सरकवलेली भिंत त्या जागेवर उभी होती.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो नकाशा मी टेबलावर पसरला तेव्हा पाच मिनिटं कुणी बोललं नाही. नंतर भांडणं झाली, ती सांगत बसत नाही. भिंत पाडायला मे उजाडला, पण पाडली. एका कागदाने, झेरॉक्सच्या दोन रुपयांच्या कागदाने, जे दहा वर्षांच्या आरडाओरड्याने झालं नव्हतं ते केलं. कागद कुणाच्या बाजूचा नसतो. तो आपल्याही अंगावर येतो, आणि म्हणूनच त्याच्यावर सगळ्यांना विश्वास ठेवता येतो.

हे मी आज लिहितेय, कारण हा हक्क आपल्या डोळ्यांदेखत झिजतोय आणि आपण तो वापरतच नाही.

१२ ऑक्टोबर २००५ला माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा लागू झाला. त्या दिवशी देशातला पहिला अर्ज पुण्यात दाखल झाला. त्याआधी राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं होतं. दुष्काळी कामावरचे मजूर म्हणत होते, आमच्या हजेरीपटात आमच्या नावापुढे किती मजुरी लिहिलीय ते आम्हाला दाखवा. महाराष्ट्रात अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनातून २००२चा राज्य कायदा आला, गोव्याने तर १९९७मध्येच आपला कायदा केला होता. हा हक्क दिल्लीतल्या कुणी आपल्याला बक्षीस दिलेला नाही. हजेरीपट पाहायला निघालेल्या बायाबापड्यांनी तो मिळवला. पुढे त्यासाठी जीवही गेले. जानेवारी २०१०मध्ये तळेगावात सतीश शेट्टींचा खून झाला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अहमदाबादेत गुजरात उच्च न्यायालयासमोर अमित जेठवांना गोळ्या घातल्या गेल्या.

आता झीज कुठे होतेय ते पाहा. २०१९च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवायचं केंद्र सरकारच्या हाती गेलं. जो न्यायनिवाडा करणार, त्याच्या खुर्चीचे पाय दुसऱ्याच्या हाती. २०२२मध्ये वर्तमानपत्रांतून आलं की गुजरात माहिती आयोगाने दहा जणांना माहिती मागायलाच बंदी घातली होती. कायद्यात कुठेही अशी बंदी घालायचा अधिकार लिहिलेला नाही. आणि सगळ्यांत मोठा घाव नोव्हेंबर २०२५मध्ये बसला. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यातलं कलम ४४(३) लागू झालं आणि त्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदलून टाकलं.

हे जरा नीट सांगते, कारण इथेच मेख आहे. आधीचा नियम असा होता की वैयक्तिक माहिती नाकारता येईल, पण ती सार्वजनिक कामाशी संबंधित नसेल किंवा कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला घालणारी असेल तरच. आणि मोठं सार्वजनिक हित दिसलं तर तेव्हाही द्यावी लागेल. शिवाय एक सुंदर ओळ होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. म्हणजे खासदार आणि कांसेकाठची बाई एका रांगेत. ती ओळ गेली. अटी गेल्या. आता तिथे फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलंय. पुलाची तपासणी केली म्हणून सही करणाऱ्या अभियंत्याचं नाव वैयक्तिक माहिती आहे का? ठेकेदाराचं नाव? हजेरीपटावरची नावं? माझं म्हणणं, नाही. पण टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला आता नकार द्यायला एक सोपा शब्द मिळालाय, आणि तो शब्द वापरला जाणार.

पुलाचा उल्लेख मी उगीच केला नाही. ९ जुलै २०२५ला सकाळी पादरा तालुक्यात मुजपूरजवळ महीसागरवरचा गंभीरा पूल तुटला, गाड्या नदीत कोसळल्या आणि किमान वीस माणसं गेली. पुलाच्या हालतीबद्दल मुजपूरच्या जिल्हा पंचायत सदस्याने २०२२मध्येच लेखी तक्रार केली होती. म्हणजे एक कागद होता. त्यावर काय शेरा मारला, कुणी पाहणी केली, पाहणीत काय आढळलं, हे सगळं कुठल्यातरी फाइलीत असणारच. रोज त्या पुलावरून जाणाऱ्या हजारो माणसांपैकी चारपाच जणांनी ती फाइल तेव्हा मागितली असती तर? त्याआधी १८ जानेवारी २०२४ला हरणी तलावात सहलीची बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका बुडाल्या. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि तलावाच्या कंत्राटाची चिकित्सा न्यायालयात सुरू झाली. ते कंत्राट २०१७पासून होतं. आम्ही बडोदेकर रविवारी तिथे पोरांना घेऊन जात होतो, भेळ खात होतो, आणि बोटीत किती माणसं बसवायची परवानगी आहे हे विचारायचं आमच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. हे सल मला फार बोचतं.

विश्वामित्रीच्या बाबतीत मात्र काही जणांनी वेळेवर कागद गोळा केले. नदीत बांधकामाचा मलबा टाकणं, काठ सपाट करणं, कोतरं म्हणजे नदीकाठच्या घळी बुजवणं याविरुद्ध इथले नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे गेले आणि मे २०२१मध्ये नदीची हद्द आखून तिच्या संवर्धनाचा आराखडा अमलात आणा, असा आदेश मिळवला. मगरींच्या या नदीसाठी हा लढा भाषणांवर उभा राहिला नव्हता, दस्तऐवजांवर उभा होता.

आता थोडं आपल्या घरातलं. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या मराठी घरांत अजूनही पणजोबांच्या गोष्टी निघतात, ते हुजूर कचेरीत होते, मोडी कसं मोत्यासारखं लिहायचे. गायकवाडांचं दप्तर आपल्या लोकांनी लिहिलं. राज्याच्या हुकमांची ‘आज्ञापत्रिका’ छापून वाटली जायची. सयाजीरावांनी १९३१मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ नावाचा कोश काढवला, आठ भाषांचा, कारभाराचे शब्द लोकांच्या भाषेत यावेत म्हणून. ज्या समाजाने या शहराचे कागद लिहिले, त्याने आज कागद मागायला कचरावं? ‘आपण इथे चार पिढ्यांचे पाहुणे, कशाला भानगडीत पडा,’ असं मी कितीदा तरी ऐकलंय. चार पिढ्यांचा कर भरणारा पाहुणा नसतो.

खंडेराव मार्केटच्या त्या देखण्या इमारतीत महापालिका बसते. तिच्याकडे माझी एक मागणी आहे आणि ती तुम्हीही लावून धरा. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइली पाहायला मिळू लागल्या, अर्ज-बिर्ज न करता. पुढे २०१८मध्ये महाराष्ट्र शासनाने ही पद्धत राज्यभर लागू करायचं परिपत्रक काढलं. बडोद्यातही असे आठवड्याचे दोन तास द्या. कायद्याचं कलम ४ तर मुळात सांगतंच की कार्यालयांनी न मागता माहिती प्रसिद्ध करावी. आणि दिल्लीकडे मागणी आहे, की कलम ८(१)(जे) होतं तसं परत करा. आपल्या खासदाराला याबद्दल पत्र लिहा, आणि त्याची पोच जपून ठेवा.

पण परत मिळेपर्यंत उरलेला कायदा वापरला नाही, तर तोही जाईल. दरवाजा बंद झालेला नाही. कलम ८(२) अजून शाबूत आहे: लोकहित मोठं असेल तर नाकारायची माहितीही देता येते. म्हणून कारण सांगायची सक्ती नसली, तरी नावं लागणारी माहिती मागताना अर्जात एक वाक्य घालाच, की हा पूर, पूल, बोट, पाणी, जिवाचा प्रश्न आहे आणि कलम ८(२)खाली माहिती मिळावी.

अर्ज अवघड नाही. गुजरातच्या नियमांत त्यासाठी ‘नमुना क’ आहे. फी २० रुपये, रोख किंवा कोर्ट फी स्टॅम्प किंवा पोस्टल ऑर्डर, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. नकलेला पानामागे २ रुपये. इंग्रजी, हिंदी किंवा गुजराती चालतं, मराठी नाही, तेव्हा घरातल्या शाळकरी मुलाकडून गुजरातीत लिहून घ्या, त्यालाही कळेल आपण काय करतोय ते. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, अधिकाऱ्याने ते कागदावर उतरवून घ्यायला मदत करायची असते. अर्ज चुकीच्या खात्यात पडला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची. तीस दिवसांत उत्तर, आणि जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ४८ तासांत. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, तीस दिवसांत; दुसरं नव्वद दिवसांत गांधीनगरला माहिती आयोगाकडे. विनाकारण अडवलं तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये, दंड अधिकाऱ्याच्या खिशातून.

मतं मागू नका, कागद मागा. ‘आमचा रस्ता खराब का?’ याला उत्तर मिळत नाही. ‘अमुक रस्त्याच्या वर्क ऑर्डरची, मोजमाप वहीच्या पानांची आणि दोषदायित्व कालावधीच्या नोंदीची नक्कल द्या’ याला उत्तर द्यावं लागतं. आणि या हक्काने शेजाऱ्याच्या सुनेची पगाराची स्लिप मागायला जाऊ नका. तसल्या अर्जांनीच खासगीपणाच्या नावाखाली हा कायदा कापायला निमित्त दिलं.

माझं मागणं एवढंच आहे. बडोद्यातल्या प्रत्येक सोसायटीने, जुन्या शहरातल्या प्रत्येक पोळेने म्हणजे गल्लीने, वर्षाला एक अर्ज करायचा. मे महिन्यात, पावसाच्या आधी. आपल्या जवळच्या कांसेचा मंजूर नकाशा आणि यंदाच्या साफसफाईची वर्क ऑर्डर. तो एकटीने करू नका, चार जणी जा, जशा वटपौर्णिमेला जाता. आमच्या गल्लीतल्या सहा जणी या मेमध्ये जाणार आहोत. पटेलकाका फीत घेऊन येतायत. तुम्ही निघालात की अर्जाच्या दोन प्रती घ्या, एक त्यांना, एक आपल्याला, आणि आपल्या प्रतीवरच्या आवक शिक्क्यातली तारीख नीट उमटलीय का, हे खिडकीवरून हलायच्या आधी उजेडात धरून पाहा. पुढचे तीस दिवस त्याच तारखेपासून मोजायचे आहेत.