देवीचे पत्ते खेळायला ठेवा, घाबरायला नको



मोबाईलवर रील चाळताना हे एकदा तरी दिसतंच. एक ताई टेबलावर पत्ते मांडतात. पत्त्यांवर देव्यांची सुंदर चित्रं. "तीनपैकी एक पत्ता निवडा, देवीचा संदेश तुमच्यासाठी आलाय." खाली आपल्याच जिल्ह्यातल्या पोरापोरींच्या कमेंट: नोकरी कधी? लग्न कधी? कर्ज कधी फिटेल?

पत्ते वाईट नाहीत, हे आधीच सांगतो. क्रिस वॉल्डहेर या अमेरिकन चित्रकर्तीने 1998 साली जगभरच्या देव्यांचा टॅरो संच काढला. त्यात इजिप्तची आयसिस आहे, रोमची व्हीनस आहे, उत्तर युरोपची फ्रेया आहे, आणि धनाच्या पत्त्यांवर आपली लक्ष्मी आहे. एवढ्या देशांच्या देव्या एका डब्यात शेजारी बसल्या, यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. आपणही देवीला कॅलेंडरवर, ट्रॅक्टरवर, दुकानाच्या पाटीवर बसवतोच की.

पण एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. टॅरो हा मुळात खेळ होता. पंधराव्या शतकात इटलीत श्रीमंतांच्या घरी हे 78 पत्ते खेळायला वापरायचे. त्यावरून भविष्य सांगायचं खूळ जोरात सुरू झालं ते अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. म्हणजे सुमारे तीनशे वर्षं लोक नुसता डाव खेळत होते!

आता कोणी म्हणेल, तुळजापुरात काय वेगळं आहे? तिथंही चिंतामणी आहेच. बरोबर. मंदिरातल्या त्या गोल दगडावर दोन्ही हात ठेवायचे आणि मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे फिरला तर हो, डावीकडे फिरला तर नाही, जागेवर राहिला तर काम लांबणार, अशी श्रद्धा आहे. शिवाजी महाराज मोहिमेआधी इथं कौल घ्यायचे, असंही लोक सांगतात. श्रद्धा ठेवा किंवा ठेवू नका, पण एक फरक बघा. दगड तीनच उत्तरं देतो आणि गप्प बसतो. नंतर फोन करत नाही. "तुमच्यावर कुणीतरी केलंय" म्हणत नाही. माणूस हात जोडतो, पायऱ्या चढून वर येतो आणि आपल्या कामाला लागतो.

मोबाईलवरचा धंदा नेमका उलटा चालतो. पहिला पत्ता फुकट, दुसऱ्याला पैसे, आणि पत्ता वाईट निघाला की 'उपाय'. सोयाबीनचा भाव पडलाय, पीकविमा अडकलाय, भरती लांबलीय, अशा वेळी माणूस आधीच खचलेला असतो. त्याच्या भीतीचे हप्ते पाडायचे आणि वर नाव देवीचं घ्यायचं, हे मला पटत नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराच्या नावाखाली फसवणाऱ्यांना धरतो, पण प्रत्येक पत्तेवाला त्यात बसेलच असं नाही. तिथं आपली अक्कल जागी ठेवावी लागते. माझी कसोटी सोपी आहे: उत्तर ऐकून तुम्ही कामाला लागता, की परत त्याच माणसाकडं जाता?

दुसरं दुखणं वेगळं आहे. त्या पत्त्यावर देवी एका ओळीत संपते: 'समृद्धी', 'शक्ती', 'प्रेम'. आपल्याकडं गोंधळी संबळ-तुणतुण्यावर रात्र जागवतात तेव्हा कुठं देवीची कथा पुरी होते. कवड्याची माळ, परडी, पोत, जोगवा यातलं काहीच त्या पत्त्यात मावत नाही. आणि पोरांना आयसिस माहीत, पण येरमाळ्याच्या येडाईला चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत लोक चुनखडीचे खडे का वेचतात, ते माहीत नाही.

मग आपणच पत्ते का काढू नयेत? सावंतवाडीत गोल, हाताने रंगवलेली गंजिफा आजही बनते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे 120 पत्ते असतात. देवाचं चित्र आणि खेळ एकत्र आले म्हणून कुणाचा देव बाटला नाही. तसाच एक संच देव्यांचा होऊ द्या: तुळजाभवानी, येडाई, धाराशिवच्या नावाशी जिची कथा जोडतात ती धारासुरमर्दिनी, अंबाजोगाईची योगेश्वरी, माहूरची रेणुका. मागं चार ओळींत कथा, गाव आणि यात्रेची तिथी. आपल्याकडं चित्रं काढणारी पोरं आहेत, छापखाने आहेत. शाळेत वाटा, सुट्टीत खेळा. भविष्य मात्र त्यातून काढू नका.

तुमच्या गावची देवी कोणती आणि तिची कथा काय? कमेंटमध्ये लिहा. निदान यादी तरी आजपासून सुरू करू.

आई राजा उदो उदो!